ओठावरील न भरणारा व्रण : ओळख व उपचार



सप्तव्यसनांच्या यादीत तंबाखूचे नाव नाही, असे म्हणून काही श्रावक स्वतःची सुटका करून घेतात. तंबाखू या देशात पोर्तुगीजांबरोबर आली. प्राचीन यादीत तिचे नाव असणार तरी कसे?

ओठाचा कर्करोग बहुतांशी खालच्या ओठावर होतो. उन्हाचा मारा तेथे थेट पडतो. विडीही तेथेच टेकते. ओठाची कड पुसट होणे, पांढरा चट्टा उमटणे, खपली निघून पुन्हा पुन्हा धरणे ही पूर्वचिन्हे होत. आरंभी दुखत नाही म्हणून मलम लावून दिवस काढले जातात, आणि घात होतो तो येथेच. ३ आठवड्यांत न भरणारा व्रण तज्ज्ञास दाखवावा. तुकडा काढल्याने रोग पसरतो, हा समज निराधार आहे. त्या तपासणीविना निदानच होत नाही.

गाठ लहान असता ती पाचरीच्या आकारात काढून ओठ शिवतात. एक तृतीयांश ओठ गेला तरी तोंडाची ठेवण बहुधा टिकते. काहींना किरणोपचार देतात. रोग मानेतील गाठींत उतरल्यास मात्र तेथेही शस्त्रक्रिया करावी लागते व बरे होण्याची शक्यता पुष्कळ घटते. म्हणून उपचारानंतरही मानेची तपासणी काही वर्षे चालू ठेवतात.