बाळंतपणासाठी कर्ज का काढायचं?

(महासंघाच्या खोपोली येथील बैठकीत केलेलं बोलणं)



आपापल्या गटाचं कर्ज रजिस्टर उघडा आणि कर्जाचं कारण लिहितो तो रकाना वाचा. बी-बियाणं, शाळेची फी, घरावरचे पत्रे, आणि मधे मधे बाळंतपण. हे कर्ज आपण लगेच मंजूर करतो, कारण अडलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? पण यातला किती खर्च मुळात करायलाच नको होता, हे आपण कधी विचारलं नाही. आज तेच बोलू.

सरकारी दवाखान्यापासून सुरुवात करते. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून चालू आहे. कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय असो, नाहीतर आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र असो, तिथे बाळंतपण फुकट आहे. सिझेरियनसुद्धा फुकट. औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस जेवण, हे सगळं त्यात आलं. घरून दवाखान्यात न्यायला गाडी, पुढे अलिबागला किंवा दुसरीकडे पाठवलं तर तिथपर्यंत गाडी, आणि बाळाला घेऊन घरी सोडायला गाडी. पिवळं रेशनकार्ड पाहिजे अशी अट नाही, कितवं बाळंतपण हेही बघायचं नाही. ज्या बाया दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात त्यांनी हे नीट ऐका. भट्टी दुसऱ्या तालुक्यात असली तरी तिथल्या सरकारी दवाखान्यात हाच हक्क आहे. फक्त माता-बाल संरक्षण कार्ड पेटीत ठेवून जाऊ नका, सोबत न्या.

आता तुम्ही म्हणाल, ताई, कागदावर सगळं फुकट असतं, खिडकीवर गेलं की इंजेक्शन बाहेरून आणा म्हणतात. खरं आहे. आपल्या एका गटाच्या सचिव ताईंनी अशा वेळी भांडण केलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "बाहेरून आणायचं तर चिठ्ठीवर तसं लिहून सही द्या." थोड्या वेळाने औषध आतच सापडलं. दर वेळी सापडेलच असं मी म्हणत नाही. पण चिठ्ठी हातात असली तर तक्रारीला आधार राहतो.

खासगी दवाखान्याचं काय? त्यालाही कायदा आहे. आपल्या राज्यात 1949 पासून शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे आणि त्याचे नवे नियम जानेवारी 2021 मध्ये आले. रुग्णहक्कांची सनद आणि मुख्य सेवांचे दर दवाखान्यात दिसतील असे लावायचे, हे त्यात आहे. तक्रार कुठे करायची तेही लिहिलेलं पाहिजे. पेशंट अत्यवस्थ असेल तर आधी त्याला सावरायचं, मगच कागदपत्रांसह पुढे पाठवायचं. पुरुष डॉक्टर बाईला तपासत असेल तर तिथे दुसरी बाई हजर हवी.

जे दवाखाने धर्मादाय ट्रस्टचे आहेत, त्यांच्यावर आणखी बंधन आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये योजना ठरवून दिली. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. आणि जीव धोक्यात असेल तर आधी दाखल करून घ्यायचं, अनामत रकमेसाठी अडवायचं नाही. हे आठवायचं कारण, मार्च 2025 मध्ये पुण्यात जुळी बाळं पोटात असलेल्या एका बाईला मोठ्या धर्मादाय रुग्णालयात नेलं. तिथे दहा लाख रुपये अनामत मागितल्याचं घरच्यांनी सांगितलं. ती दुसरीकडे बाळंत झाली. दोन्ही मुली जगल्या, आई गेली. राज्यभर आरडाओरडा झाला, चौकश्या बसल्या. पण नियम तर आधीपासून होता. दारात उभं राहून तो सांगणारं कुणीतरी हवं होतं.

अजून एक गोष्ट, जी आपण कुजबुजत बोलतो. गर्भपात. बऱ्याच बायांना वाटतं तो गुन्हाच आहे. तसं नाही. गुन्हा आहे तो गर्भलिंग तपासण्याचा, आणि त्याविरुद्ध देशात पहिला कायदा आपल्या महाराष्ट्राने 1988 मध्ये केला. गर्भपाताचा कायदा वेगळा, 1971 चा. 2021 च्या दुरुस्तीनंतर कायद्यातल्या कारणांसाठी वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. बलात्कार, अल्पवयीन मुलगी, नवरा वारला किंवा सोडून गेला, अशा ठरावीक कारणांत चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचं मत लागतं. सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की यात अविवाहित बाईला वगळता येणार नाही. अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. म्हणून गावठी औषध किंवा दुकानातून गुपचूप आणलेली गोळी घेऊन जीव धोक्यात घालू नका. मान्यताप्राप्त केंद्रात जा. तिथे नाव गुप्त ठेवावं लागतं.

हे हक्क कुणी सहज दिलेले नाहीत. गिरणी-कारखान्यातल्या बायांना बाळंतपणाची रजा मिळावी म्हणून बाबासाहेब आंबेडकर 1928 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात बोलले, आणि 1929 मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. आईची विश्रांती ही तिची खासगी बाब नसून देशाच्या हिताची आहे, हा त्यांचा मुद्दा होता.

मग गटाने काय करायचं? पुढच्या बैठकीत तीन ठराव लिहा. एक, वाडीतल्या प्रत्येक गरोदर बाईचं नाव आणि अंदाजे तारीख आशाताईंकडून घ्यायची आणि दर महिन्याच्या 9 तारखेच्या मोफत तपासणीला तिला पाठवायचं. दोन, कळा सुरू झाल्या की 102 किंवा 108 ला फोन कोण लावणार आणि सोबत कोण जाणार, हे आधीच ठरवायचं. डोंगरावरच्या वाडीतून रस्त्यापर्यंत डोली लागत असेल तर खांदेकरीही ठरवायचे. तीन, बाळंतपणासाठी कर्ज मागितलं तर ते नाकारायचं नाही, पण पैसे कशाला लागले ते लिहून घ्यायचं आणि पावत्या जपायच्या.

एकटी बाई कळा सोसत असते, तिच्याकडून नियम बोलले जात नाहीत. ते बोलायला तिच्या शेजारी गटातली एक जण उभी राहिली पाहिजे. ती कोण, ते आजच ठरवून घ्या.