भंगारातून उठलेली गाडी

‘हॉट रॉड’ हा शब्द आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कानावरून गेला नसेल. इंग्रजी सिनेमात मात्र ती गाडी कधीतरी दिसते. इंजिन उघडं, मडगार्डांचा पत्ता नाही, मागची चाकं जाड आणि पुढची बारीक, छप्पर कापून खाली बसवलेलं. आज तिच्याकडे पाहिलं तर श्रीमंतांच्या पोरांचा चाळा वाटतो. पण ही गाडी जन्माला आली ती खिशात पैसे नव्हते म्हणून.

अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९०८ ते १९२७ या काळात ‘मॉडेल टी’च्या दीड कोटींहून अधिक गाड्या काढल्या. सुरुवातीला साडेआठशे डॉलरला मिळणाऱ्या गाडीचं सर्वांत स्वस्त रूप १९२५ पर्यंत दोनशे साठ डॉलरवर आलं होतं. एवढ्या गाड्या रस्त्यावर आल्या म्हणजे पुढे त्या भंगारवाल्याच्या अंगणातही येणारच. त्यात १९२९ नंतर मंदी आली. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कामगारांच्या, छोट्या शेतकऱ्यांच्या पोरांना नवी गाडी हे स्वप्नच होतं. जुनी मोडकी टी मात्र चार-दोन डॉलर जमवून घरी ओढून आणता येत होती. तिथे पाऊस नावापुरता, त्यामुळे छप्पर नसलं तरी अडत नाही. आणि लॉस एंजेलिसपासून काही तासांवर मोहावी वाळवंटात म्यूरॉक, एल मिराज अशी कोरडी तळी होती. सारवलेल्या अंगणासारखी सपाट आणि टणक, मैलोन् मैल पसरलेली. वेग मोजायला याहून स्वस्त मैदान कुठलं? १९३७ मध्ये या पोरांच्या क्लबांनी एकत्र येऊन आपली संघटनाही काढली.

पैसे न खर्चता गाडी पळवायची कशी? पहिला उपाय अगदी साधा : वजन काढा. मडगार्ड काढा, पायऱ्या काढा, बॉनेट काढा, मागचं सीट काढा. एका पैचाही खर्च नाही, उलट काढलेला माल विकून थोडे पैसे हातात. कविता लिहिणाऱ्या माणसाला हा उपाय लगेच पटतो. नंतर अंग चॅसीवर खाली सरकवायचं, छपराचे खांब चार बोटं कापून पुन्हा जोडायचे. हॉट रॉडचं जे रूप आज शोभेचं मानतात, ते असं वजन आणि वारा कमी करण्याच्या खटपटीतून आलेलं आहे.

दुसरा उपाय इंजिनाचा. १९३२ मध्ये फोर्डने आठ सिलिंडरचं ‘व्ही-एट’ इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत बसवलं. सगळा ब्लॉक एकाच ओतकामात, म्हणून स्वस्त. ताकद पासष्ट अश्वशक्ती. खोड एकच, जळालेला वायू ब्लॉकच्या पोटातूनच बाहेर जायचा आणि इंजिन लवकर तापायचं. तरीही अपघातात चेपलेल्या नव्या गाडीचं इंजिन उतरवून जुन्या, हलक्या सांगाड्यात बसवलं, की गरिबाच्या पोराची गाडी साहेबाच्या गाडीला मागे टाकायची.

त्यातून जास्त ताकद काढायची तर सिलिंडर हेड थोडं घासून दाब वाढवायचा, एकाऐवजी दोन कार्बुरेटर लावायचे आणि कॅमशाफ्ट बदलायचा. इंजिनाचे व्हॉल्व्ह केव्हा उघडावेत आणि किती वेळ उघडे राहावेत, हे कॅमशाफ्टवरचे उंचवटे ठरवतात. त्यांचा आकार बदलला की तेच इंजिन वेगळा श्वास घेऊ लागतं. एड इस्केंदेरियन हा आर्मेनियन स्थलांतरित कुटुंबातला मुलगा. त्याने स्वतः मॉडेल टीचा रोडस्टर बांधला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने एक जुनं ग्राइंडिंग मशीन विकत घेतलं, त्यात स्वतःच फेरफार केले आणि त्यावर कॅम घासून द्यायला सुरुवात केली. पुढे त्याच्या कॅमचं नाव जगभर झालं. बिल बर्क हा दुसरा. पॅसिफिकमध्ये असताना लढाऊ विमानांच्या पोटाखालच्या इंधनाच्या टाक्या त्याने पाहिल्या होत्या. वाऱ्याला कापणारा तो आकार त्याच्या डोक्यात राहिला, आणि १९४६ मध्ये लष्कराच्या लिलावी मालातली तसली टाकी घेऊन त्याने तिचीच गाडी केली.

आता ब्रेकचं बोलायला हवं. मॉडेल टीचा पायाखालचा ब्रेक चाकांवर नव्हे, गिअरपेटीत लागायचा. तिच्यात व्ही-एट बसवायचं म्हणजे बैलगाडीला आगगाडीचं इंजिन जुंपण्यासारखं. फोर्डने १९३९ साली तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आणले आणि शहाण्या पोरांनी भंगारात आधी तेच शोधले. सगळेच शहाणे नव्हते. रात्री शहरातल्या रस्त्यांवर शर्यती लागत, माणसं मरत, वर्तमानपत्रं बोंब मारत. ‘हॉट रॉड’ मासिक १९४८ पासून निघत होतं; त्याचे संपादक वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये राष्ट्रीय संघटना उभी केली. पोलिसांशी भांडत न बसता या पोरांना रस्त्यावरून मैदानात न्यायचं, हे तिचं काम. १९५३ मध्ये पोमोना इथल्या जत्रेच्या मैदानात तिची पहिली अधिकृत शर्यत झाली. आत जायच्या आधी गाडीची तपासणी व्हायची. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

आज तिथे १९३२ च्या फोर्डचा अस्सल सांगाडा सोन्याच्या भावाने विकला जातो. तरी कमी पैशांत बांधणारे आहेत. त्यांची रीत साधारण अशी. दोन दारांची गाडी महाग, म्हणून चार दारांची घ्यायची. किंवा दुसऱ्याने हौसेने सुरू करून अर्धवट सोडलेली. इंजिन बहुधा शेवरलेचं ‘स्मॉल ब्लॉक’. १९५५ पासून २०११ पर्यंत ती दहा कोटी निघाली, त्यामुळे सुटे भाग गल्लोगल्ली. नवशिक्याला वाटतं पैसे इंजिनात जातात. जातात ते वायरिंग, काचा, टायर, रंग आणि पिशवीभर नटबोल्टांत. रंग वर्षभर थांबू शकतो. स्टिअरिंग, ब्रेक आणि चॅसीचं वेल्डिंग थांबू शकत नाही, आणि तिथे काटकसर चालत नाही. आपल्याकडचा कुठलाही गॅरेजवाला उस्ताद शागिर्दाला हेच सांगेल, फक्त पाना हातात असताना आणि जरा वेगळ्या भाषेत.

आपल्याकडे असं कुणी करतं का? करतं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी एका लोहारकाम करणाऱ्या माणसाने दुचाकीचे भाग आणि भंगार जुळवून चारचाकी बनवली. खर्च सुमारे साठ हजार रुपये, सुरू करायची ती दुचाकीसारखी किक मारून. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी तिचं कौतुक केलं आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारीत ती दिलीही. पण त्याच वेळी त्यांनी हेही म्हटलं होतं, की ही गाडी नियमात बसत नाही, म्हणून अधिकारी ती कधी ना कधी थांबवतील. खरंच आहे. मूळ रचनेत बदल केलेली गाडी नोंदवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

कायद्यामागची भीती खोटी नाही. आपल्या रस्त्यांवर शाळेची मुलं चालतात, म्हशी चालतात. पण ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एकेक गाडी तपासून मंजूर करण्याची सोय आहे. प्रदूषणाच्या बाबतीत इतक्या कडक कॅलिफोर्नियातही घरगुती बांधणीच्या गाड्यांसाठी वेगळी वाट आहे, आणि दरवर्षी पहिल्या पाचशे गाड्यांना धुराच्या नियमात सवलत मिळते. आपल्याकडे एखाद्या आरटीओच्या पटांगणात वर्षातून दोन दिवस असे लोहार, फिटर, आयटीआयची पोरं आपापल्या गाड्या घेऊन आली, निरीक्षकाने ब्रेक दाबून, स्टिअरिंग हलवून, वेल्डिंगवर हातोडी मारून पाहिलं, आणि पास झालेल्याला गावापुरता, ताशी तीस-चाळीस किलोमीटरचा परवाना दिला, तर काय बिघडेल? नापास होईल त्याला निदान कुठला जोड कच्चा आहे हे तरी कळेल.