समुद्रात थांबलेले इंजिन



भिलाई-३ येथे बसून नौकेच्या इंजिनाविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु ज्यांचे भाऊबंद हर्णै, दाभोळ वा मिरकरवाडा येथे मासेमारी करतात, त्यांस हा विषय परका नाही. भर समुद्रात मिस्त्री मिळत नाही. तेथे नाखव्याला वा तांडेलाला जेवढे ठाऊक असेल, तेवढाच आधार. म्हणून चार गोष्टी सांगण्याचे आम्ही योजिले आहे. मिस्त्रीच्या पोटावर पाय आणण्याचा आमचा हेतू नाही.

इंजिन थांबताच प्रथम नांगर टाकावा. वाऱ्याने नौका खडकावर गेली, तर दुरुस्तीस काही उरतच नाही.

डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेत तेल फवारले की ते आपोआप पेटते. म्हणून चालते इंजिन अकस्मात बंद पडल्यास पहिला संशय तेलाच्या वाटेवर घ्यावा. टाकीत तेल आहे काय, तोटी उघडी आहे काय, हे पाहण्यात कमीपणा मानू नये. मग फिल्टर. त्याच्या तळाशी साचलेले पाणी काढावे, आतील भाग गाळाने भरला असल्यास बदलावा. मात्र फिल्टर उघडला की नळीत हवा शिरते, आणि ती काढल्यावाचून इंजिन सुरू होत नाही. पुष्कळांचे घोडे येथेच अडते व ते बॅटरी संपेपर्यंत स्टार्टर मारीत बसतात! फिल्टरवरचा स्क्रू थोडा सैल करून हातपंप चालवावा; बुडबुडे थांबून निव्वळ तेल येऊ लागले की स्क्रू आवळावा. पुढे इंजेक्शन पंपाच्या स्क्रूवरही तेच करावे. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कदापि धरू नये. ते तेल कातडी भेदून आत जाते.

थंड करणारे पाणी बाहेर पडेनासे झाले, तर इंजिन तत्काळ बंद करावे. बहुधा जाळीत प्लॅस्टिक वा शेवाळ अडकलेले असते. नाहीतर पाण्याच्या पंपातील रबरी पंखा झिजलेला असतो. धूरही बोलतो: काळा असेल तर हवा अपुरी अथवा पंख्यात जाळे गुंतलेले, निळा असेल तर वंगण जळत आहे. इंजेक्शन पंप व गिअर मात्र उघडू नयेत.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मिस्त्रीजवळ बसून हवा काढण्याचे काम नाखव्याने एकदा स्वहस्ते करावे आणि दोन फिल्टर, एक रबरी पंखा, पट्टा, नेमक्या मापाचे पाने व विजेरी एका पेटीत भरून ती नौकेवरच ठेवावी.