थुंब्याचे कोळी आणि पहिला अग्निबाण

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. या वाटेवरचे पहिले पाऊल कुठे पडले, ठाऊक आहे? केरळात, त्रिवेंद्रमजवळच्या थुंबा या कोळ्यांच्या गावात.

थुंबाच का? पृथ्वी हे एक मोठे लोहचुंबकच. मधोमध टांगलेली चुंबकसूची आपल्याकडे एका टोकाला थोडी झुकते. थुंब्याला ती जवळजवळ आडवी राहते. म्हणजे चुंबकीय विषुववृत्त तिथून जवळूनच जाते. त्या रेषेवर शंभरेक किलोमीटर उंचीवर विजेचा एक प्रवाह वाहतो. तिथवर ना विमान पोचते, ना फुगा. अग्निबाणच सोडावा लागतो.

पण जागा मोकळी नव्हती. तिथे कोळ्यांची घरे होती आणि सेंट मेरी मॅग्डालीनचे चर्च होते. १९६२ साली डॉ. विक्रम साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. बिशपांनी त्यांना रविवारच्या प्रार्थनेला बोलावले आणि लोकांनाच विचारले, की देवाचे घर, माझे घर आणि तुमची घरे या कामाला द्यायची का? लोक म्हणाले, 'आमेन'. अब्दुल कलामांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे.

मंडळी, शब्द एवढासा. पण निभवायला केवढा! कोळ्याला दाराशी समुद्र लागतो, होडी ओढायला वाळू लागते. ती सोडून उठायचे. धरणाखाली ज्यांचे गाव गेले, त्यांना हे वेगळे सांगायला नको. पुढे पळ्ळित्तुरा इथे नवे चर्च उभे राहिले. जुन्या चर्चची झाली प्रयोगशाळा, बिशपांच्या घराची झाली कचेरी.

२१ नोव्हेंबर १९६३. अमेरिकेहून आलेला 'नाइकी-अपाची' अग्निबाण त्या चर्चमध्येच जोडला. तळावर नेला, तर उचलायच्या यंत्राचे तेल गळू लागले! अखेर माणसांनी हातांनी रेटून तो जागी बसवला. संध्याकाळी तो उडाला आणि त्याने सोडलेल्या सोडियमच्या वाफेचा नारिंगी ढग आकाशात पसरला. तो कसा सरकतो हे पाहून वरच्या वाऱ्यांचे माप घेतले गेले.

ते चर्च आज अंतराळ-संग्रहालय म्हणून जपले आहे. गुरुजी, वर्गात साराभाईंचे नाव अवश्य सांगा. पण ज्यांनी घरे दिली, त्या कोळ्यांनाही विसरू नका. आणि कुणाची जमीन मागायची वेळ आली, तर आधी त्यांना चार माणसांत विचारावे, हेही थुंब्याकडून शिकण्यासारखे आहे.