पंचविसावे घर

(संस्थेच्या वारजे येथील अभ्यासवर्गाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्यात अभ्यासवर्गाचा अहवाल वाचायचा, किती मुले आली, किती उत्तीर्ण झाली हे सांगायचे आणि खाली बसायचे, असा आपला रिवाज आहे. तो अहवाल कार्यवाहांनी आत्ताच वाचला. वर्ग घेणाऱ्या आम्हा मंडळींनी यंदा ठरविले की आकडेवारी पुन्हा उगाळण्यापेक्षा एक कोडे सभेपुढे मांडावे. कोडे पाचवीच्या मुलाला समजेल इतके साधे आहे. ते मांडताना आमच्या हातून एक चूक झाली, आणि त्या चुकीचा भुर्दंड दोन रविवार मुलांनी भरला. ती मुलांच्या आईवडिलांसमोर सांगावी, असे आम्हां सर्वांना वाटले.

आपल्या वर्गात वारजे, माळवाडी, शिवणे, कर्वेनगर या भागांतली मुले येतात. १९९७ साली वारजे महापालिकेत आले, त्यानंतर इमारती उठल्या, शाळा वाढल्या, शिकवण्याही वाढल्या. ज्यांना शिकवणी परवडत नाही त्यांच्यासाठी आपला रविवारचा वर्ग. त्यात शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी हा मुख्य भाग. त्या परीक्षेत भाषा आणि गणिताबरोबर 'बुद्धिमत्ता चाचणी' असते, आणि आमची मुले तिथेच अडखळतात. प्रश्नाखाली चार पर्याय दिलेले असतात. मुलगा प्रश्न वाचतो, छताकडे पाहतो आणि एका पर्यायावर बोट ठेवतो. "हाच का?" असे विचारले की उत्तर ठरलेले, "वाटलं म्हणून, सर." बरोबर आले तरी 'वाटलं', चुकले तरी 'वाटलं'.

ही खोड मोडावी म्हणून आम्ही सभागृहाच्या शहाबादी फरशीवर खडूने पाच बाय पाच घरांचे जाळे आखले. एकूण पंचवीस घरे. काही घरांत आकडे लिहिलेले. पहिल्या घरात उभे राहायचे, मोठ्याने मोजत एकेक पाऊल टाकायचे, सगळ्या घरांतून एकेकदाच जायचे आणि पंचविसाव्या पावलाला २५ लिहिलेल्या घरात पोहोचायचे. पाऊल शेजारच्या घरातच पडले पाहिजे, पुढे, मागे, डावीकडे किंवा उजवीकडे. तिरपे चालणार नाही. लिहिलेल्या आकड्याच्या घरात त्याच आकड्याला पाय पडला पाहिजे. शिवाय वर्गाचा नियम असा की पाऊल टाकण्यापूर्वी कारण सांगायचे. 'वाटलं' हे कारण धरले जाणार नाही.

मूळ कोडे असे होते. रेघ म्हणजे रिकामे घर.

१   १०   –   –   –
–   –   –   –   –
–   –   २५   –   –
–   –   –   –   –
–   –   –   –   २१

कागदावरून फरशीवर उतरविताना आमच्यापैकी एकाने २५ हा आकडा मधल्या घरात लिहिण्याऐवजी त्याच्या उजवीकडच्या घरात लिहिला. एका फरशीची चूक. कोणाच्याही लक्षात आली नाही.

मुले चालू लागली. गंमत अशी की जो तो अगदी काठाशी येऊन हुके. १, १०, २१ सगळे जागच्या जागी यायचे, २५ च्या घरात पाय पडायचा आणि मोजणी निघायची २४. एक घर मागे उरलेले. कोणाचे २५ च्या खालचे राहायचे, कोणाचे उजवीकडचे. आम्ही म्हणायचो, "थोडक्यात हुकलं, पुन्हा कर." एक घर राहिले म्हणजे उत्तर जवळच आहे, अशी आमचीही समजूत. उत्तराचा कागद खिशात, त्यामुळे कोडे सुटते याची आम्हांला खात्री. खिशातला कागद आणि फरशी ताडून पाहण्याची बुद्धी मात्र झाली नाही. दुसऱ्या रविवारी आवाज चढले. "लक्ष नाही तुमचं", "घरी मोबाईल बघता", जे शिक्षक म्हणतात ते सगळे आम्ही म्हणालो. एक मुलगा सात-आठ वेळा चालला, आठव्यांदाही २४ आल्यावर पायानेच खडू पुसून बाहेर निघून गेला. त्याला आम्ही 'धीर नसलेला' ठरविले.

त्याच दिवशी एका मुलीने हात वर केला. फार बोलणारी नव्हे. म्हणाली, "सर, सगळ्यांचं चोवीसच का येतं? कोणाचं तेवीस का येत नाही?"

खरे तर वर्षभरात त्या वर्गात विचारला गेलेला हा सर्वांत चांगला प्रश्न होता. आम्ही काय म्हणालो? "अगं, प्रश्न नंतर. आधी चालून दाखव." ती चालली नाही, खाली बसली.

पुढच्या रविवारी ती वही घेऊन आली. वहीत जाळे काढलेले आणि बुद्धिबळाच्या पटासारखे एक सोडून एक घर पेन्सिलीने काळे केलेले. १ चे कोपऱ्यातले घर काळे. ती म्हणाली, "सर, काळ्या घरातून शेजारी गेलं की पांढरंच येतं. पांढऱ्यातून गेलं की काळं. म्हणजे एक काळ्यात, दोन पांढऱ्यात, तीन काळ्यात. विषम आकडे सगळे काळ्यात. दहा पांढऱ्यात आहे, बरोबर. एकवीस काळ्यात आहे, बरोबर. पण तुमचं पंचवीस पांढऱ्यात आहे. तिथं विषम आकडा येणारच नाही, कसंही चाललं तरी."

सभागृहात शांतता पसरली. बाहेर महामार्गावरच्या गाड्यांचा आवाज तेवढा येत होता. आम्ही खिशातला कागद काढला, फरशीशी ताडला आणि चूक दिसली. आमच्यातले ज्येष्ठ होते त्यांनी सगळ्या मुलांसमोर सांगितले, "चूक आमची आहे. तुमच्यापैकी कोणीही चुकलं नव्हतं." निघून गेलेल्या मुलाच्या घरी आम्ही दोघे जण त्या संध्याकाळी गेलो. तो लगेच आला नाही. त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी आला.

आता त्या मुलीने काय केले ते नीट पाहू. दोन रविवारांत मुले किती वाटांनी चालली असतील? समजा शंभर. शंभर वाटा फसल्या म्हणून एकशे एकावी फसेलच असे म्हणता येत नाही. आमचा हट्ट त्याच जोरावर चालू होता. तिने एकही वाट न चालता सगळ्या वाटा एकदम निकालात काढल्या. 'मला जमलं नाही' आणि 'हे होऊ शकत नाही' ही दोन वाक्ये आपण घरात, शाळेत एकाच अर्थाने ऐकतो आणि दोन्हींवर मुलाला दटावतो. पहिल्यावर 'पुन्हा कर' म्हणणे ठीक आहे. दुसऱ्यावर 'कशावरून?' असे विचारावे लागते आणि उत्तर ऐकून घ्यावे लागते.

युरोपात हीच गोष्ट एका मोठ्या माणसाने केली होती. क्योनिग्सबर्ग नावाच्या शहरात नदीवर सात पूल होते, आणि सातही पुलांवरून एकेकदाच जाऊन फेरी होईल का, हा लोकांचा आवडता प्रश्न होता. लेओनार्ड ऑयलरने १७३५ साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे दाखवून दिले की अशी फेरी होणार नाही. त्याचा विचार आपण १४ एप्रिलच्या वर्गणीच्या फेरीला लावू शकतो. चौकात एका गल्लीने शिरलो तर दुसऱ्या गल्लीने निघायचे, म्हणजे गल्ल्या जोडीने खर्ची पडतात. फेरी जिथे सुरू होते आणि जिथे संपते ते दोन चौक सोडले, तर बाकी प्रत्येक चौकाला सम गल्ल्या हव्यात. त्या शहरात चार भूभाग होते, एकाला पाच पूल, उरलेल्या तिघांना तीन-तीन. चारही विषम. प्रश्न संपला. आपल्या कोड्यात मात्र गल्ल्यांऐवजी घरे एकेकदा घ्यायची आहेत, आणि ते प्रकरण अधिक चिवट आहे. मधली घरे गळालेली मोठी जाळी दिली तर अशी वाट आहे की नाही हे झटपट सांगणारी रीत संगणकवाल्यांनाही अजून सापडलेली नाही.

असो. चूक दुरुस्त करून २५ मधल्या घरात लिहिले आणि कोडे नव्याने सुरू झाले. ते मुलांनी कसे सोडविले ते सांगतो. विद्यार्थ्यांनी वर दिलेले जाळे वहीत काढून बरोबर चालावे. ओळी वरून मोजायच्या, घरे डावीकडून.

१ च्या शेजारी दोनच घरे, उजवीकडे आणि खाली. उजवीकडे १० आहे, म्हणून २ खाली. आता १० कडे पाहा. त्याला तीन शेजारी, त्यातला एक १. म्हणून ९ आणि ११ हे त्याच्या उजव्या आणि खालच्या घरात असणार. कुठला कुठे ते अजून ठरलेले नाही. तरी एवढ्यावरही काम होते. २ पासून ३ उजवीकडे जाईल का? ते १० च्या खालचे घर, तिथे ९ किंवा ११ येणार. म्हणून ३ तिसऱ्या ओळीच्या पहिल्या घरात.

४ साठी दोन जागा, खाली किंवा उजवीकडे. इथे मुले थांबली, आणि आम्हीही काही सुचविले नाही. एका मुलाने डावीकडच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. कोपऱ्यातल्या घराला दोनच दारे. वाट एका दाराने आत आली तर दुसऱ्याने बाहेर गेलीच पाहिजे. आता समजा ४ उजवीकडे गेला. त्याच्या वर ९ किंवा ११, उजवीकडे २५, म्हणून ५ त्याच्या खाली. कोपरा आणि त्याच्या वरचे घर उपाशी ठेवायचे नाही, तर ६, ७, ८ असे वळण घेऊन वाट तळाच्या ओळीतल्या दुसऱ्या घरात येते. आणि ९ तर वर १० जवळ हवा! तळातून एका पावलात तिथे जाता येत नाही. म्हणून ४ खालीच, ५ कोपऱ्यात, ६ त्याच्या उजवीकडे.

पुढचे पाऊल सगळ्यांना आवडले. ६ पासून ९ पर्यंत तीनच पावले. १० च्या खालचे घर ६ पासून सरळ वर बरोबर तीन पावलांवर आहे, आणि १० च्या उजवीकडचे पाच पावलांवर. म्हणून ९ खालचे, ७ आणि ८ सरळ रेषेत, आणि ११ उजवीकडचे. चार आकडे एका कारणात बसले.

११ पासून १२ उजवीकडे की खाली? उजवीकडे गेला तर खालचे घर, म्हणजे दुसऱ्या ओळीतले तिसरे, फक्त त्याच्या उजव्या शेजाऱ्याकडून आणि २५ कडूनच जोडले जाईल. म्हणजे त्यात २४ आणि शेजारी २३. मग २२ हा २३ लाही लागून हवा आणि तळाच्या कोपऱ्यातल्या २१ लाही. असे घरच नाही. म्हणून १२ खाली, १३ त्याच्या उजवीकडे. वरच्या ओळीतले चौथे घर आता १३ आणि कोपरा यांच्यामध्येच बसते. १४, १५, १६ कोपऱ्याला वळसा घालतात, १७ खाली उतरतो. १८ आणखी खाली उतरला तर त्या घराला कोपऱ्यात शिरावेच लागेल, आणि कोपऱ्यात १९ पडेल. तिथे तर २१ आहे. म्हणून १८ डावीकडे. त्यापुढचे आम्ही सांगत नाही, ते आपोआप होते.

या सबंध उकलीत एकदाही खोडरबर लागला नाही. एकच वाट उरते, आणि दुसरी का नाही हे प्रत्येक वळणावर सांगता येते.

कागद-पेन्सिलीच्या या कामाला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. १९०५ साली डहाणूला जन्मलेले द. रा. कापरेकर फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि पुढे १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर होते. शाळेत शिकवीत असतानाच त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला, आणि आज ती जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. कोणतेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. मोठ्यातून लहान अशी त्यांची मांडणी करा, उलट करून वजा करा, आलेल्या संख्येवर तेच पुन्हा करा. सात वेळांच्या आत ६१७४ येते. मुलांना आम्ही हे सांगितले तेव्हा त्याच मुलीने विचारले, "सात वेळाच का?" या वेळी आम्ही तिला खाली बसविले नाही. बसून सगळ्यांनी वजाबाक्या केल्या, उत्तर मिळाले नाही, संध्याकाळचे सात वाजले आणि आया मुलांना न्यायला आल्या.

पालकांना एक विनंती आहे. मूल घरी येऊन 'हे गणितच चुकलेलं आहे' म्हणाले तर बहुतेक वेळा चूक त्याचीच निघेल, हे आम्हांला ठाऊक आहे. तरी वही उघडून पाच मिनिटे ऐकावे. आम्ही ऐकले असते तर एक रविवार वाचला असता, आणि एक मुलगा दोन आठवडे वर्गाबाहेर राहिला नसता.

विद्यार्थ्यांसाठी त्या मुलीनेच घातलेले कोडे ठेवतो. जाळ्यात काळी घरे तेरा आणि पांढरी बारा. आता आकडे सगळे पुसा. १ कोपऱ्यात न ठेवता त्याच्या शेजारच्या घरात ठेवा आणि शेवट कुठेही करा. पंचवीसही घरे घेता येतील का? फरशीवरचे जाळे पुसलेले नाही, खडू खिडकीत आहे. चालून पाहायचे त्यांनी चालून पाहावे, बसून सांगायचे त्यांनी बसून सांगावे. कारण मात्र दोघांनाही विचारले जाईल.