दारावरच्या तांबड्या दिव्याआड
(वार्षिक सभेतील भाषण)



शस्त्रक्रियागृहाच्या दारावरचा तांबडा दिवा लागला की बाहेर बसलेल्यांचे काळीज धडधडू लागते. आत उभ्या असलेल्या आमचेही धडधडते. "आपण इतके शांत कसे राहता?" असे आम्हांस पुष्कळदा विचारले जाते. खरे सांगायचे तर आम्ही पूर्ण शांत नसतो, आणि नसावेही.

१९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले. सोपा धडा विजेच्या जोरदार धक्क्याने लवकर शिकला जाई. कठीण धडा मात्र मध्यम धक्क्यानेच उत्तम साधे. शस्त्रक्रिया हा कठीण धडा आहे.

एके पहाटे, सलग तिसऱ्या तातडीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी, "ती यादी आता राहू द्या, सुरू करू," असे आम्ही म्हणालो. वयाने सर्वांत लहान असलेल्या परिचारिकेने तरीही यादी मोठ्याने वाचली. औषधाची ॲलर्जी? केसपेपरवर आईने सांगून लिहविलेले होते : पेनिसिलिन. ते औषध सिरिंजमध्ये भरलेले होते. ताणाखाली मन अरुंद होते, ते असे. तिच्यावर डाफरण्यासाठी ओठांवर आलेला शब्द आम्ही गिळला, एवढेच त्या पहाटेचे आमचे श्रेय.

ती यादी म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली दिलेली एकोणीस कलमांची सुरक्षा-यादी. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत तिचा वापर झाला, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या पाहणीत मात्र असा लक्षणीय फरक आढळला नाही. नुसत्या खुणा करून कागद भरला तर यादीचा उपयोग नाही, असे आम्ही त्यावरून समजतो. कनिष्ठाने विचारावे आणि वरिष्ठाने थांबावे, ही सवय लागावी लागते. अशी सवय शांत दिवशीच लावून घ्यावी लागते. म्हणून आता किरकोळ शस्त्रक्रियेलाही आम्ही यादी वाचतो, प्रत्येकजण आपले नाव व काम सांगतो, आणि एक दीर्घ श्वास घेऊन मगच हात पुढे करतो.

आप्तांना विनंती, की रुग्णास कोणते औषध सोसत नाही हे आम्ही विचारण्याची वाट न पाहता सांगावे. आणि देणगीदारांना एक गाऱ्हाणे : यंत्रासाठी निधी मिळतो, झोपेसाठी मागताना संकोच वाटतो. रात्रपाळीच्या परिचारिकांना पाठ टेकण्यासाठी जिन्याखालची एकच अरुंद खोली आहे. तीत दोन खाटा मावतात. रात्री कामावर सहाजणी असतात.