बिलियन म्हणजे नेमके किती?

अर्थविषयक बातम्यांत ‘बिलियन’ हा शब्द वरचेवर कानावर पडतो. एक बिलियन म्हणजे शंभर कोटी, आपल्याकडचा एक अब्ज. एकावर नऊ शून्ये.

पण हा अर्थ सगळीकडे सारखा नव्हता. १४८४ मध्ये निकोला शुके या फ्रेंच गणितज्ञाने हा शब्द वापरला तो दहा लाख गुणिले दहा लाख, म्हणजे एकावर बारा शून्ये, या अर्थाने. ब्रिटननेही पुढे हीच मोजणी धरली. अमेरिकेत मात्र हजार मिलियनचा बिलियन रूढ झाला. एकच शब्द, पण दोन देशांत हजारपटींचा फरक! अखेर डिसेंबर १९७४ मध्ये पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी ब्रिटिश संसदेत सांगितले की, सरकारी आकडेवारीत बिलियन हजार मिलियन याच अर्थाने वापरला जाईल. त्यामुळे जुने ब्रिटिश ग्रंथ वाचताना प्रकाशनवर्ष पाहिलेले बरे.

जर्मन भाषेत आजही बिलियन म्हणजे एकावर बारा शून्येच. शंभर कोटींसाठी तिथे ‘मिलियार्डे’ असा वेगळा शब्द आहे. भाषांतरकारांनी इथे सावध राहायला हवे.

आपल्यासाठी हिशेब सोपा आहे. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी आणि ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. मात्र आकडा डॉलरचा असेल, तर रुपयांत सांगण्यापूर्वी त्या दिवसाच्या विनिमय दराने गुणायला विसरू नका.